बंद घरांची नावं यादीत कोण लिहिणार?

ताई,
आम्ही घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीतले बारा-पंधरा जण. करोनाच्या वर्षापासून दर महिन्याला थोडे थोडे पैसे जमा करतो. यंदा शहापूर तालुक्यातल्या एका गावातली ४० गरीब कुटुंबं ‘दत्तक’ घ्यायची आणि वर्षभर दर महिन्याला प्रत्येकी एक धान्य-किराण्याचं किट द्यायचं असं ठरलं. मी खजिनदार. जानेवारीत एका रविवारी गावात गेलो. सरपंचांनी चहा दिला आणि तयार यादीही दिली. गावात साधारण १२० घरांचं गावठाण, ६० घरांची ठाकूरवाडी आणि ओढ्यापलीकडे २६ झोपड्यांची कातकरी वाडी आहे. यादीत २९ घरं गावठाणातली, ११ ठाकूरवाडीतली. कातकरी वाडीत गेलो तर बहुतेक घरं बंद. “ते लोक इथे राहतच नाहीत, आणि मिळालं ते दारूत घालवतात,” असं कानावर आलं. यादीतल्या एका घरात फ्रीज दिसला, दारात बाईक. तेव्हापासून ग्रुपवर रोज भांडण. काही म्हणतात, पिवळं रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला असेल त्यालाच द्या. काही म्हणतात, सरपंचांवर विश्वास ठेवा. काहींना गावच बदलायचं आहे. आमचे पैसे चुकीच्या घरात जाऊ नयेत म्हणून काय करावं? पाडव्याला वाटप सुरू करायचं आहे.
— गोंधळलेला खजिनदार, मानपाडा, ठाणे

खजिनदारसाहेब,

फ्रीजचं आधी उरकते, कारण तुमचा ग्रुप तिथेच अडकलेला दिसतोय. तो फ्रीज तुमच्यापैकी कोणी उघडून पाहिला का? मी शहापूर तालुक्यात वीस-बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आत शाळेची दप्तरं, चादरी आणि तांदळाचा डबा ठेवलेले फ्रीज मी स्वतः पाहिलेत. काँप्रेसर कधीच गेलेला असतो, पण दार घट्ट लागतं आणि उंदीर आत शिरत नाही. हे फ्रीज येतात कुठून? आपल्याच सोसायट्यांमधून. नवा आणला की जुना “घेऊन जा गं” म्हणून कामवाल्या बाईला देतो ना आपण, तोच. बाईकचंही तसंच, पोरगा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करत असेल तर एसटी त्याच्या वेळेला येत नाही. सरकारलाही हे उशिरा का होईना उमगलं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत घरात फ्रीज किंवा दुचाकी असली की ते घर गरिबांच्या यादीतून आपोआप बाद होत होतं. २०२४ मध्ये घरकुलाच्या नव्या सर्वेक्षणासाठी निकष बदलले, तेव्हा या दोन्ही अटी काढून टाकल्या. ते घर गरीबच आहे, असं मी म्हणत नाही. सरपंचांच्या चुलतभावाचंही असेल. फ्रीज बघून ते कळत नाही, एवढंच.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही गेलात जानेवारीत.

दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. मजूर गोळा करणारा मुकादम टेम्पो घेऊन येतो, भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं त्यात चढतात आणि टेम्पो भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. मागे उरतात म्हातारी माणसं, आणि दाराला आडवी लावलेली काटेरी फांदी. पाऊस तोंडावर आला की माणसं परततात. म्हणजे तुम्ही ज्यांना शोधायला कसारा लोकलने आसनगावला गेलात, ती माणसं त्या रविवारी तुमच्या मानपाड्यापासून खाडीपलीकडे, तासाभराच्या अंतरावर विटा थापत होती. “इथे राहतच नाहीत” हे तुम्हाला सांगितलं ते तसं खोटं नाही. पण का राहत नाहीत हे विचारलं असतंत, तर यादीतलं पहिलं नाव तिथेच सापडलं असतं. त्यांना घर सोडायला लावणारी गरज भादव्यात, घरातला तांदूळ संपलेला असताना सुरू होते. तेव्हाच मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि उचल घेतली की पुढचे सात महिने त्याच्या नावावर.

तुम्ही विचारलंत, पैसे चुकीच्या घरात जाऊ नयेत म्हणून काय करावं. यादीत दोन तऱ्हेच्या चुका होतात. नको तो आत येतो आणि हवा तो बाहेर राहतो. पहिली चूक डोळ्यांत खुपते, तिचा फोटो ग्रुपवर येतो, तिच्यावर भांडण होतं. दुसरीचा फोटो निघत नाही, कारण ती एक बंद झोपडी असते. बाहेर राहिलेला माणूस तुमच्याकडे तक्रार घेऊन येणार नाही. त्याला यादी झाली हेच ठाऊक नसतं, आणि कळलं तरी “आपलं नसेल” म्हणून तो गप्प बसतो. मला विचाराल तर चार सुखवस्तू घरं आत आली तरी चालतील, पण ज्या चुलीवर श्रावणात काही शिजत नाही ती एकही सुटता कामा नये. तुमचं भांडण सध्या नेमकं उलट्या बाजूने चाललंय.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात प्रगणक म्हणून मलाही धाडलं होतं. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी तितकं घर गरीब. त्यातला एक प्रश्न कपड्यांचा होता, माणशी नेहमीच्या वापरातले कपडे किती. दोनपेक्षा कमी असले तर शून्य, दोन ते चारच्या दरम्यान एक, असं वर चढत जाणारं. एका वाडीत एक बाई अंगावरच्या लुगड्यानिशी दारात उभी होती. दुसरं लुगडं कुडावर वाळत होतं. मी लिहायला लागले, तर ती लगबगीने आत गेली आणि बोचक्यातून आणखी दोन पातळं काढून आणली. एक नणंदेचं, एक लेकीच्या हळदीला कोणाकडून तरी आणलेलं. म्हणाली, “बाई, हीपण लिहा.” शाळेच्या बाईंसमोर अगदीच उघडं पडायला नको म्हणून. मी लिहिली. त्याच दिवशी गावठाणात एका घरी ओसरीवरचा पंखा गरगरत होता आणि मालक म्हणाले, “तो पाहुण्यांचा, परवा घेऊन जातील.” मी तेही मानलं. यादी लागली तेव्हा त्या बाईचं नाव तिच्यात नव्हतं. माझ्या त्या एका आकड्याने गेलं की आणखी कशाने, मला कधी कळलं नाही. पंखेवाल्यांचं होतं.

तेव्हापासून मी कोणाच्याही दारात उभं राहून “तुमच्याकडे काय काय आहे” असं विचारत नाही. लाज असलेला माणूस वाढवून सांगतो आणि लाज सोडलेला कमी करून. तुमचा तो ‘घरात डोकावायचा’ कार्यक्रम बंद करा.

कागदांचा आग्रहही सोडा. पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला १५,००० रुपये. आज इतक्या कमी उत्पन्नात कोणाचंच घर चालत नाही, त्यामुळे ते कार्ड आजची गरिबी सांगत नाही. ते काढलं त्या काळी त्या घरातलं कोणी तालुक्याला चार खेपा घालू शकत होतं, एवढंच सांगतं. उत्पन्नाच्या दाखल्याची तीच गत. संजय गांधी निराधार योजनेला अनेक वर्षं २१,००० रुपयांची अट आहे. रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर २९७ रुपये होता. ७१ दिवस खडी फोडली की झालात तुम्ही अटीबाहेर! त्यामुळे दाखल्यावरचा आकडा सगळीकडे अटीच्या जरा खालीच येतो. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. त्या आकड्यावरून तुम्ही काय निवडणार?

आपल्याच राज्यात एक वेगळी रीत निघाली होती, ती जाता जाता सांगते. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर ती राज्यभर पसरली. तिला यादी लागत नव्हती. जो उन्हात माती उचलायला येईल तो गरजू, विषय संपला. पण ज्याच्या अंगात कष्टाची ताकद नाही त्याला ती रीत कामाची नाही आणि किटाला ती लावताही येत नाही. म्हणून तुम्हाला यादी करावीच लागेल.

आता ती कशी करायची ते सांगते.

पहिलं, घरं मोजू नका, चुली मोजा. जनगणनाही कुटुंब धरते ते एका स्वयंपाकघरावरून. गावठाणात एका छपराखाली दोन चुली असतात. पुढच्या सोप्यात थोरला आणि मागच्या पडवीत वेगळी काढलेली आई. कार्ड एकच, ते थोरल्याच्या नावावर. नवऱ्याने टाकलेली मुलगी माहेरी परत आलेली असते, तिची चूलही अशीच कुठेतरी गोठ्यालगत. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना बरोबर घ्या, त्यांना सगळ्या चुली पाठ असतात. बंद घरांचीही नावं लिहा. ठाकूरवाडीची यादी ठाकूरवाडीत बसून करा, गावठाणाची गावठाणात.

मग प्रत्येक चुलीची एक चिठ्ठी करा. पाच-सहा बायांना एका ओसरीवर बसवा, दुसऱ्या पाच-सहा जणींना दुसरीकडे, आणि पुरुषांचा एक वेगळा गट करा. चिठ्ठ्या पिसा. दोन-दोन चिठ्ठ्या समोर ठेवून एकच विचारा, या दोघांपैकी कोणाकडचा तांदूळ आधी संपतो? ज्याचा आधी संपतो त्याची चिठ्ठी खालच्या ढिगात. उत्पन्न विचारलंत तर सगळे गप्प बसतील. तांदळाचं विचारलंत तर ओसरी बोलायला लागते. “हिचा गणपतीपर्यंत पुरतो.” “कुठला गं, आषाढातच ती माझ्याकडे मापटं घेऊन आली होती.” “तिचा पोरगा पैसे धाडतो.” “धाडायचा. लग्न झाल्यापासून धाडत नाही.” ही माहिती कुठल्याही दाखल्यावर नसते. तीन गटांनी वेगवेगळे ढीग केले की जुळवून बघा. तिन्हींकडे खालच्या ढिगात आलेली चूल पक्की. जिथे गटांचं जमत नाही तेवढ्याच घरी तुम्ही स्वतः जा.

एका बैठकीत पंचवीस-तीस चिठ्ठ्यांच्या पुढे जाऊ नका. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या ६४० गावांत हाच प्रश्न पारखून पाहिला होता. काही गावांत मालमत्तेवरून सूत्र लावून गरीब निवडले, काही गावांत लोकांनी बैठकीत क्रम लावला, काही ठिकाणी दोन्ही. २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. घर माणशी किती खर्च करतं यावरून गरिबी मोजली तर सूत्र थोडं जास्त अचूक निघालं, पण लोकांनी लावलेल्या क्रमावर गाव जास्त समाधानी राहिलं. आणि एक गंमत म्हणजे बैठकीच्या सुरुवातीला लागलेले क्रम चांगले होते, शेवटी शेवटी माणसं कंटाळली तसे ते बिघडत गेले. शाळेच्या पालकसभा घेतलेल्या कोणालाही हे मान्य व्हावं. म्हणून चिठ्ठ्या पिसायच्या, नाहीतर दर वेळी त्याच शेवटच्या गल्लीतल्या घरांवर अन्याय.

कातकरी वाडीत मात्र हा खेळ खेळू नका. २६ झोपड्यांतून दहा निवडायच्या म्हणजे सारख्याच भुकेत भिंत घालायची. ज्यांना मिळालं आणि ज्यांना नाही, त्यांना उद्या एकाच भट्टीवर शेजारी शेजारी विटा थापायच्या आहेत. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. २०११ च्या त्या जातगणनेनेही आदिम जमातींची घरं गुण न लावता आत घ्यायचं ठरवलं होतं. तुम्ही सरकारपेक्षा कडक कशाला होता? सगळ्या २६ घ्या. आणि त्या दारूच्या वाक्याबद्दल एवढंच सांगते, ते वाक्य गावठाणातल्या २९ घरांबद्दल तुम्हाला कोणी ऐकवलं का? दारू तिथेही असते. फक्त तिथे घराला दार असतं.

“मग ४० त बाकी गावाचं काय,” असं तुम्ही विचाराल. तर खजिनदार म्हणून हा हिशेब तुम्हीच करायला हवा होता. महिन्याला ४० किट, म्हणजे वर्षाला ४८०. कातकरी घरं सात महिने गावात नसतात, आणि गावठाणात कापणीनंतर मार्गशीर्ष-पौषात गरिबाच्याही कणगीत थोडं भात असतं. खरी ओढ आगोटीपासून, म्हणजे पाऊस तोंडावर आला की. जून ते ऑक्टोबर हे पाचच महिने द्या. ४८० भागिले पाच, ९६ चुली. त्यात २६ कातकरी, उरल्या ७०. त्यातल्याही आठ-दहा जागा मोकळ्या ठेवा, कारण भर पावसात कोणाचा नवरा झाडावरून पडेल, कोणाची भिंत बसेल. जुलैत भरलेली यादी सप्टेंबरात खोटी ठरते. शिवाय श्रावण-भादव्यात घरात दोन महिन्यांचे तांदूळ, डाळ, तेल असलं तर मुकादमाची उचल निदान थोडी कमी घेतली जाईल. सगळी सुटणार नाही, लग्न आणि आजारपण कुठे जातं? पण हजार-दोन हजारांनी कमी झाली तरी भट्टीवरचे काही दिवस वाचतात.

‘दत्तक’ हा शब्द तेवढा बॅनरवरून काढा. ती माणसं कोणाची पोरं नाहीत.

सरपंचांची यादी फाडू नका, ती जपून ठेवा. त्यातली बरीच नावं तुमच्या ढिगांतही येतील. येत नाहीत त्या घरांबद्दल सरपंचांना एकट्याला भेटून विचारा. कधीकधी त्यांना एखाद्या सावकारी कर्जाची माहिती असते जी ओसरीवर बोलली जात नाही. त्यांना पंचवीस माणसांसमोर खोटं पाडलंत तर तुमचा टेम्पो पुढच्या महिन्यात गावात शिरणार नाही, आणि तुम्ही ठाण्याला परतल्यावर गावाला त्यांच्याबरोबरच राहायचं आहे. अंतिम यादी प्रत्येक वाडीत, संध्याकाळी माणसं कामावरून आल्यावर, मोठ्याने वाचायची. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून भागत नाही. वाचताना कोण कोण घेतलं याबरोबर “कोण राहिलं?” हेही विचारा आणि निदान दहा मिनिटं गप्प बसा. पहिली पाच मिनिटं कोणी बोलत नाही.

तुमच्यात एखादा निवृत्त माणूस असेल, फायलींची सवय असलेला, तर त्याला किट वाटायला लावू नका. त्याला त्या ९६ चुलींचे सरकारी हक्क तपासायला बसवा. अंत्योदय कार्डावर घरामागे महिन्याला ३५ किलो धान्य आहे आणि आदिम जमातींची सगळी घरं त्याला पात्र आहेत. तरीही वाडीत चार-सहा घरं त्याशिवाय सापडतीलच, बहुतेक नव्याने चूल मांडलेल्या जोडप्यांची. निराधार विधवांना महिन्याला १,५०० रुपये आहेत. वर मी त्या दाखल्याला नावं ठेवली, पण इथे तो लागतोच. तहसीलच्या चार खेपा आणि झेरॉक्सचे पैसे. तुमचं किट वर्षा-दोन वर्षांनी थांबेल, कार्ड थांबणार नाही.

पाडव्याचा मुहूर्त सोडून द्या. पाडव्याला वाडीत जे म्हातारे मागे राहिलेत त्यांना खुशाल किट द्या, त्यांच्यासाठी यादी लागत नाही. बाकीच्या चिठ्ठ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मांडा. तोवर भट्टीवरची माणसं परत आलेली असतात आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झालेली नसते. आवणीत गेलात तर ओसरीवर बसायला एकही बाई मिळणार नाही.

आणि मधल्या एखाद्या रविवारी, आशाताईंकडून कोण कुठल्या भट्टीवर आहे ते विचारून, भिवंडीकडे जाऊन या. दुपारी नको, तेव्हा माणसं सावलीला पडलेली असतात, आणि मालकाचा माणूस बघत असतो. पहाटे थापणी चालते, तेव्हा तर मुळीच नको, हात मोकळे नसतात. संध्याकाळी पाचनंतर जा, दोघंच जा, कॅमेरा खिशात राहू द्या. पोरांसाठी बिस्किटं नेलीत तर सगळ्या भट्टीला पुरतील इतकी न्या.